निर्णय कोण घेतं?

“तुमच्या व्यवसायातले निर्णय कोण घेतं?” पुण्याच्या मॅडमनी विचारलं आणि माईक सरळ माझ्या तोंडापुढं धरला.

आता आली का पंचाईत! पहिल्या रांगेत, पहिल्या खुर्चीवर मला हंचाटेसाहेबांनी बसवलं होतं. हंचाटेसाहेब म्हणजे आमच्या बँकेच्या शाखेचे मॅनेजर. महिला उद्योग कर्जातली सगळ्यांत जुनी कर्जदार मी, म्हणून हा मान. सोलापुरात गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती आणि बँकेनं एका मंगल कार्यालयात आम्हा तीसेक बायकांना गोळा केलं होतं. पापडवाल्या, शिलाईवाल्या, शेंगाचटणीवाल्या, आणि आम्ही कडक भाकरीवाल्या. डॉक्टर अनुजा परचुरे नावाच्या ह्या मॅडम मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवायच्या. बायकांचे धंदे आणि बँकेची कर्जं ह्यावर त्यांचं संशोधन चाललं होतं.

मागच्या रांगांत आमचे नवरे बसले होते. बायकोला गाडीवरून सोडायला आले आणि उप्पीट-चहा आहे म्हटल्यावर थांबले.

मी मागं वळून बघितलं. आमचे हे, गुरुनाथ बिराजदार, भिंतीकडंच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. शेजारी माझे थोरले दीर. आता भावकीसमोर, एवढ्या माणसांत, नवरा मागं बसलेला असताना कुठली बाई म्हणेल हो, की निर्णय मीच घेते म्हणून? आमच्यात तशी रीतच नाही.

“आमचे हेच की ओ,” मी म्हटलं. “त्यांना विचारल्याशिवाय आमच्यात पानसुद्धा हलत नाही.”

“सगळेच निर्णय? ज्वारी कुठून घ्यायची, माल कुणाला द्यायचा?”

“सगळंच.”

“नक्की ना?”

“नक्की की. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?”

मागं कुणीतरी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. हे लाजले. खरं सांगते, मला बरं वाटलं. गिरणी बंद पडल्यापासून त्या माणसाच्या पाठीवर कुणी थाप मारली नव्हती.

माझ्या शेजारी नरसम्मा बसली होती. तिनं माझ्या मांडीला बारीक चिमटा काढला आणि पदर तोंडावर धरून हसली. हसणारच ती. आमच्या धंद्यात कुणाला विचारून पान हलतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नरसम्मा यल्दी. शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू. तिचा नवरा मागावर काम करता करता छातीत कळ येऊन गेला, त्याच वर्षी ह्यांची गिरणी बंद पडली. हे सकाळी उठायचे, दाढी करायचे आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे, जसा काही गिरणीचा भोंगा तिथंच वाजणार होता. घरात चूल पेटायची मारामार. मला कडक भाकरी थापता यायची, माझ्या माहेरची ती विद्या. पापडासारखी पातळ, वाळवून ठेवली तर महिनाभर टिकणारी. पण माझ्याकडं तेवढा मोठा तवा नव्हता. नरसम्माकडं तवा होता. लग्नाकार्यात स्वयंपाकाला जायची ती. तवा घेऊन आली, आणि म्हणाली, “महानंदक्का, तू थाप, मी भाजते.” तेवढ्या बोलण्यावर धंदा सुरू झाला. मंगळवेढ्याची ज्वारी ती आणायची, हॉटेलवाल्यांशी मी भांडायचे. हळूहळू बारा बायका हाताखाली आल्या. हे आपले लुनावरून पार्सलं एसटी स्टँडवर पोचवायचे. तेही सांगितलं तर.

माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर मी सावध राहिले असते.

माईक पुढं सरकला आणि काय सांगू, बायकांनी उखाणे घ्यावेत तशी उत्तरं दिली! एकीनं नवऱ्याला मान दिला की दुसरी तिच्यावर कडी करायची. शिलाईवाली म्हणाली, “मी नुसतं मशीन चालवते, डोकं ह्यांचं.” तिच्या नवऱ्याचं डोकं दुपारी बाराच्या पुढं कधी ताळ्यावर नसायचं, सगळ्या पेठेला माहीत. पापडवाली म्हणाली, “मी सहीची धनी, बाकी सगळं ते बघतात.” हशा, टाळ्या. मॅडमबरोबरची दोन पोरं कागदावर भराभर खुणा करत होती.

नरसम्माच्या तोंडापुढं माईक आला. ती म्हणाली, “मीच घेते.”

“घरात कुणी पुरुष?”

“नवरा वारला. पोरगी भिवंडीला दिली. मीच, आणि ही अक्का. दोघी मिळून.”

मॅडमनी कपाळाला आठी घातली. “पण ह्या तर म्हणाल्या, ह्यांचे मिस्टर सगळं ठरवतात.”

नरसम्मानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. “हां, मग तसंच असेल,” ती म्हणाली. मला सांभाळून घेतलं तिनं.

उप्पीट खाताना हंचाटेसाहेब आमच्यापाशी आले. “दोघींचा अर्ज वर पाठवलाय बरं का. पुण्याचा अहवाल आला की बोर्ड यंदाचं धोरण ठरवेल. मग तुमचा गाळा पक्का समजा.”

त्या गाळ्यावर आमचा जीव अडकला होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला, पत्र्याचा, पण ऐसपैस. घरात थापून थापून भिंती काळ्या झाल्या होत्या, बाया दाटीवाटीनं बसायच्या. गाळा आमच्या दोघींच्या नावावर घ्यायचा, दोघींनी इसारही दिलेला. पाटी रंगवणाऱ्याला नरसम्मानं नावंसुद्धा सांगून ठेवली होती. त्यानं विचारलं, “आधी कुणाचं लिहू?” तर म्हणाली, “अक्काचं लिही, ती मोठी. पण माझं बारीक लिहिलंस तर बघ!”

परत जाताना ती मला म्हणाली, “काय गं, पान हलत नाही म्हणे! कसलं पान, तंबाखूचं?”

“गप की. तेवढंच त्यांना बरं वाटतं.”

“वाटू दे, वाटू दे. बोलण्याला काय पैसे पडतात?”

दोघी रस्ताभर हसलो.

उन्हाळ्यात अहवाल आला. बँकेनं पुन्हा कार्यक्रम ठेवला, ह्या वेळी हारतुरे, फोटो, चेअरमनसाहेब. मॅडमनी पडद्यावर रंगीत गोल दाखवला. गोलाचा जवळजवळ सगळा भाग निळा होता, कडेला लाल रेघेएवढी फाक. निळा म्हणजे नवऱ्याचा निर्णय, लाल म्हणजे बाईचा. मॅडम चांगलं बोलल्या, मनापासून बोलल्या. म्हणाल्या, “ह्या स्त्रिया फक्त नावाच्या उद्योजक आहेत, हे कटू सत्य आहे. कर्ज त्यांच्या नावावर, सत्ता दुसऱ्याच्या हातात. खरा निर्णय घेणारा माणूस बँकेच्या कागदावर नसेल तर उद्योगाची कामगिरी सुधारणार नाही आणि कर्जही सुरक्षित राहणार नाही.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाटलं, बायकांच्या बाजूनं बोलतायत.

दुसऱ्या दिवशी हंचाटेसाहेबांनी बोलावलं. मी, नरसम्मा आणि “मिस्टरांना घेऊन या” म्हणाले म्हणून हे. केबिनमध्ये दोनच खुर्च्या. साहेबांनी एक ह्यांच्यापुढं सरकवली, दुसरी मला. नरसम्मा दारापाशी उभी राहिली.

“धोरण बदललंय,” साहेब म्हणाले. “आता महिलांच्या कर्जाला पती मुख्य अर्जदार लागणार. खात्यावर पहिली सही त्यांची. संशोधनानंच सिद्ध झालंय ना, की कारभार तेच बघतात.”

“आणि मी?” नरसम्मानं विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “नरसम्माबाई, तुम्हाला पती नाहीत. तुमचं नाव घेता येणार नाही ह्यात. योजनेत बसत नाही.”

“पण मीच एकटी बोलले होते की, मी निर्णय घेते म्हणून!”

“हो, पण तो एकटीचा अपवाद झाला. धोरण अपवादावर ठरत नाही.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी तिथून उठले आणि थेट चेअरमनच्या खोलीत गेले. मॅडम अजून सोलापुरातच होत्या, चहा घेत होत्या. मी आत शिरले तशा हसल्या. “या महानंदाताई.”

“मॅडम, ते खरं नव्हतं ओ.”

“काय खरं नव्हतं?”

“निर्णय ह्यांचा म्हणून सांगितलं ते. ते मी मानानं म्हटलं. सगळ्याच बायका मानानं बोलल्या. भावकी मागं बसलेली, नवरा बसलेला, तिथं मी मीच म्हणून कसं सांगू?”

मॅडमनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा पडला, नाही असं नाही. “पण मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारलं. नक्की ना, असंही विचारलं.”

“पुन्हा पुन्हा विचारलं की जास्तच मान द्यावा लागतो! तुम्ही एकदा घरी आला असता, थापताना विचारलं असतं, तर सगळं सांगितलं असतं.”

“ताई, अहवाल आता छापून गेला. एका बाईच्या सांगण्यावरून मला आकडे बदलता येत नाहीत. आणि खरं सांगू? आता कर्ज अडल्यावर तुम्ही हे म्हणताय. ह्यावर मी विश्वास कसा ठेवायचा?”

खोटं बोलले तेव्हा विश्वास ठेवला, खरं बोलले तेव्हा नाही. पण एक माणूस अजून होता ज्याच्या बोलण्याला वजन होतं. मी केबिनमध्ये परत आले. हे खुर्चीत नीट टेकून बसले होते. साहेबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला होता.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हीच सांगा साहेबांना. ज्वारी कोण आणतं, माल कोण देतं, पगार कोण वाटतं. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. नरसम्माचं नाव राहील.”

हे बशीत चहा ओतत होते. ओतून झाला, फुंकर मारून झाली. मग म्हणाले, “मी काय सांगू? एवढ्या लोकांत तूच बोललीस.”

“ते तुमच्यासाठीच बोलले ना?”

“मग आता माझ्यासाठीच गप बस,” हे म्हणाले. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले आणि चहा प्यायले.

लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्या माणसानं मला कधी गप बस म्हटलं नव्हतं. दारात नरसम्मा ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी म्हटलं, “मग नकोच ते कर्ज. मी सही करत नाही.”

तेव्हा नरसम्मा आत आली. “वेडी आहेस का अक्का? इसार बुडेल. बारा बायकांना काय सांगणार? कर तू सही. माझं नाव कागदावर नसलं तर नसलं, आपल्या दोघींत ठरलंय ना? कागद होता का आपल्यात आधी कधी?”

ह्यांनीही मान हलवली. “बाई म्हणतात ते बरोबर आहे. वाटा काय, तोंडीच ठरलेला राहू दे.”

मी सही केली. ह्यांच्या सहीच्या खाली.

बँकेनं मग नवऱ्यांना शिबिराला नेलं. उद्योजकता, नेतृत्व, व्यवस्थापन, काय काय शिकवलं म्हणे. हे परत आले ते खिशाला पेन लावून आणि हातात प्रमाणपत्र घेऊन. टपरी सुटली. मला आधी वाटलं, चला, माणूस कामाला लागला. गाळ्यात त्यांनी काचेची केबिन केली. पुण्याच्या पुस्तकात लिहिलेलं असतं तसं बोलायला लागले. ज्वारीचा व्यापारी आधी आम्हाला फोन करायचा, आता त्यांना करायला लागला. व्यापाऱ्याचं तरी काय चुकलं, सही त्यांची होती. मी काही सांगायला गेले की म्हणायचे, “बघतो.” आणि बघायचे नाहीत.

आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार असा, की धंदा बुडाला नाही! बुडाला असता तर चार माणसांत सांगता आलं असतं. घडी आम्ही दोघींनी बसवलेली, गिऱ्हाईक बांधलेलं, गाडं आपलं चालत राहिलं. आयत्या बिळावर नागोबा. लोक म्हणायचे, गुरुनाथनं बायकोचा धंदा कुठल्या कुठं नेला.

दिवाळीत नरसम्मानं आपला वाटा मागितला. केबिनमध्ये उभी राहूनच मागितला. मी बरोबर होते.

“वाटा कसला?” हे म्हणाले. “तुमचा पगार चुकता आहे. इसाराचे पैसे हवे तर आज घेऊन जा.”

“तोंडी ठरलं होतं.”

“बाई, धंदा तोंडी चालत नसतो. शिबिरात पहिल्या दिवशी हेच शिकवतात.”

“अहो, लाज वाटू द्या!” मी ओरडले. “तिचा तवा नसता तर आज भीक मागत असतो आपण!”

बाहेर थापणाऱ्या बायांचे हात थांबले. हे उठले, काचेचं दार लावून घेतलं आणि परत खुर्चीत बसले. “झालं तुझं?” म्हणाले. “निर्णय झालाय.”

नरसम्मानं पैसे घेतले नाहीत. भांडलीही नाही. आतल्या खोलीत गेली, कोपऱ्यात जुना तवा पडला होता तो उचलला. आता गॅसच्या मोठ्या शेगड्या आल्या होत्या, त्याचं काही काम नव्हतं. मी तिच्या मागं फाटकापर्यंत धावले.

“नरसम्मा, थांब गं. मी काहीतरी करते. मी बोलते त्यांच्याशी.”

तिनं तवा डोक्यावर घेतला, एका हातानं धरला. “अक्का, तू कुणाला काय बोलणार? तू बोललीस तेच झालं की.”

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती रागात नव्हती. पुढच्या महिन्यात भिवंडीला पोरीकडं गेली. मी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही, आणि यावं तरी का?

ह्याला आता बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले, तरी मी गाळ्यात जाते. थापायला बसते, बाकीच्या बायांबरोबर. घरी बसून काय करू? गाळ्याच्या पाटीवर ‘गुरुनाथ फूड्स’ असं लिहिलंय, ठसठशीत अक्षरात.

मागच्या महिन्यात एक पोरगी आली. चुणचुणीत, पाठीला पिशवी, हातात ते शाळेच्या पाटीएवढं मोबाइलसारखं यंत्र. पुण्याच्याच कुठल्याशा संस्थेची. माझ्याशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसली. एक भाकरी थापून बघितली, तिची फाटली, आम्ही सगळ्या हसलो. मला आवडली पोरगी. आसपास पुरुष कुणी नव्हता. हे केबिनमध्ये फोनवर होते.

“मावशी,” तिनं हळू आवाजात विचारलं, “इथले निर्णय कोण घेतं?”

माझा हात पिठात तसाच राहिला. किती वर्षांनी तोच प्रश्न! ह्या वेळी घरी येऊन, थापताना, शेजारी बसून. मी मनाशी म्हटलं, आता मानाचं काही नाही, जे आहे ते सांगायचं.

“आमचे हे घेतात,” मी म्हटलं.

ती गोड हसली. “मावशी, मला माहितीये. तुम्ही मानानं म्हणताय ना?”

“नाही गं बाई. खरंच ते घेतात.”

“आम्हाला शिकवतातच मुळी. बायका स्वतःचं श्रेय सांगत नाहीत, नवऱ्याचं नाव पुढं करतात. आधी एका मोठ्या अहवालात ही चूक झाली होती, तो लिहिणाऱ्या मॅडमनीच नंतर स्वतः लिहिलंय त्यावर. सोलापूरच्याच कुणी बाई त्यांना म्हणाल्या होत्या म्हणे.” तिनं माझ्या पिठाच्या हातावर हात ठेवला. “हा धंदा कुणी सुरू केला?”

“मी. आणि नरसम्मानं.”

“बघा! ज्वारी कुठली चांगली, कुणाला कळतं?”

“मला. पण अगं, ते...”

“झालं तर मग.” तिनं यंत्रावर बोट टेकवलं. मी वाकून बघितलं. मला वाचता येतं. ‘निर्णय कोण घेतं’ ह्याच्यापुढं ‘स्वतः’ असं उमटलं होतं.

“पोरी, ते खोड. तसं नाहीये.”

“राहू दे मावशी. तुमचा हक्क आहे तो.” तिचे डोळे भरून आले होते. ती उठली, चार पावलं मागं गेली. “तुमचा एक फोटो घेते, पाटीखाली. अहवालात लावू. या ना.”

मी हात पुसले. काचेकडं बघितलं. ह्यांचा फोन अजून चालू होता.

“जरा थांब,” मी म्हटलं. “त्यांना विचारून येते.”

पोरगी खळखळून हसली. “मावशी, तुम्ही पण ना!”